जायफळच्या छातीतला आवाज

१. आनंदाची बातमी

डॉक्टरीणबाईंनी आनंदाची बातमी दिली आणि मावशींच्या कपाळाला आठी पडली.

“अभिनंदन, मावशी!” कानातून नळ्या काढत त्या म्हणाल्या. वयाने तरुण, दवाखान्यात नव्या, आणि दिवसातली पहिलीच चांगली बातमी आपल्या तोंडून जातेय म्हणून खुशीत. “हृदय ठणठणीत आहे. जुन्या डॉक्टरांनी झडप गळते असं लिहून ठेवलंय, पण मला तरी कसलाही आवाज ऐकू येत नाही. त्यांची काहीतरी गल्लत झाली असणार. गोळ्या बंद करून टाका.”

तपासणीच्या टेबलावर तपकिरी-पांढरा, लांब कानांचा, मांडीवर मावेल एवढा स्पॅनियल शहाण्यासारखा बसला होता. गळ्यात लाल चामडी पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नाव कोरलेलं: जायफळ.

“बघ, मावशी!” भाचीने टाळी वाजवली. “उगाच तीन वर्षं जिवाला घोर लावून घेतलास.”

जुन्या डॉक्टरांचं वाक्य मावशींना तोंडपाठ होतं. ही झडप बरी होत नसते, मावशी, ती सांभाळायची असते. रोज दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. पाच-सहा दिवस सलग चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरायला लागेल, मग माझ्याही हातात फार काही राहणार नाही.

जे बरं होतच नाही ते बरं झालं, असं ही पोरगी सांगत होती.

“हा जायफळ नाही,” मावशी म्हणाल्या.

भाची आधी हसली, मग मावशींचा चेहरा बघून थांबली. “अगं, ऑपरेशन डोळ्याचं झालंय. सगळंच नवीन दिसत असेल तुला. परवा पडदे कधी बदलले म्हणून विचारत होतीस.”

डॉक्टरीणबाईंनी समजुतीने कातडीखालची ओळखीची चिप वाचायचं यंत्र कुत्र्याच्या मानेवरून फिरवलं. यंत्र गप्प. जायफळला चिप नव्हतीच. चिप टोचायची ती जाडजूड सुई बघून त्याच्याआधी मावशीच कळवळल्या होत्या. यालाही नव्हती. म्हणजे पुरावा काहीच नाही.

“मावशी, नाव आहे की बिल्ल्यावर,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

“तेच तर,” मावशी म्हणाल्या. “सगळ्यांनी बिल्ला वाचला. कुत्रा कुणीच वाचला नाही.”

मग त्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले आणि हातातली पिशवी घट्ट धरली. कुत्रा घरी आला गुरुवारी. आज सोमवार. खरा जायफळ जिथे कुठे असेल तिथे त्याला गोळी मिळाली नसेल, तर हा पाचवा दिवस होता.

२. चाळणीमावशी

मावशींनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. त्यांच्या टेबलावरून चुकीचा कागद पुढे जायचा नाही, म्हणून तिथे त्यांचं नाव पडलं होतं चाळणीमावशी. त्या नावाचा त्यांना राग नव्हता. उलट निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी खरोखरची पितळी चाळणी भेट दिली, ती त्यांनी दिवाणखान्यात टांगून ठेवली होती.

त्या कामातून त्या एकच गोष्ट पक्की शिकल्या होत्या. माणूस समोर आहे ते वाचत नाही, असणार असं वाटतं ते वाचतो. आणि या वेळी ती चूक खुद्द चाळणीमावशींनीच केली होती. चार दिवस परका कुत्रा घरात वावरत होता आणि त्यांनी त्याला लाडाने जायफळ म्हणून हाका मारल्या होत्या. स्वतःचा इतका राग त्यांना अलीकडे कधी आला नव्हता.

कारणं होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जायफळला गोळ्यांसकट दहा दिवस श्वानगृहात ठेवलं होतं. तो परतला तेव्हा मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायची बंदी, उचलायची बंदी, कुत्र्याला जवळ झोपवायची तर सक्त बंदी. एरवी रोज दुपारी जायफळ त्यांच्या कुशीत झोपायचा आणि त्यांचा कान त्याच्या बरगड्यांवर असायचा. तो अर्धवट गळका ठोका त्यांना घड्याळाच्या टिकटिकीसारखा सवयीचा होता. चार दिवस तो ऐकलाच नव्हता.

घरी परतताना भाचीच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून, मावशींनी ते चार दिवस पुन्हा तपासायला घेतले. ओळ न् ओळ.

“आपल्या वरच्या मजल्यावर सुताराचं काम चालू आहे ना,” त्या म्हणाल्या. “जायफळ हातोडीला किती घाबरतो! एक ठोका पडला की पलंगाखाली. आणि हा? वर ठाणठाण चालू, नि हा पंख्याखाली पाय पसरून घोरत होता.”

“सवय झाली असेल त्याला,” भाची म्हणाली.

“जेवणाचं घे. जायफळला मी उंच, अरुंद तोंडाच्या भांड्यात देते. लांब कान अन्नात न बुडता बाहेर राहतात, म्हणून घरी कानटोपी लागत नाही. हा भांडं दिसलं की आधी मान पुढे करून थांबतो. कुणीतरी डोक्यावर काहीतरी चढवील म्हणून. ह्याच्या घरी कानटोपी घालून जेवायची पद्धत आहे.”

भाचीने आरशातून मागच्या कुत्र्याकडे पाहिलं.

“आणि सगळ्यात मोठं म्हणजे दारावरची बेल. जायफळ भुंकून इमारत डोक्यावर घेतो. हा भुंकत नाही. माझ्यापाशी येतो, गुडघ्यावर दोनदा पंजा ठेवतो, दाराकडे जातो आणि मागे वळून बघतो. केटलची शिट्टी झाली तरी तेच. मला वाटलं, दहा दिवसांनी भेटलाय, लाडात आलाय.” मावशींनी मागच्या सीटवरच्या कुत्र्याकडे वळून पाहिलं. “तू मला काहीतरी सांगत होतास रे, आणि मी तुला बिस्किटं देत होते.”

मग त्यांचा हात सहज आपल्या सीटवरून फिरला. त्यांनी मागची सीटही निरखली, आणि त्या एकदम ताठ झाल्या.

“गाडी थांबव,” त्या भाचीला म्हणाल्या. “तू माझ्याशी खोटं बोललीस.”

३. स्वच्छ सीट

भाचीने गाडी कडेला घेतली. तिचा चेहरा उतरला होता.

“जायफळ एकदा या गाडीत बसला की तू महिनाभर केसांच्या नावाने गळा काढतेस,” मावशी म्हणाल्या. “गुरुवारी तू त्याला घेऊन आलीस म्हणालीस. आज सकाळी आपण निघालो तेव्हा सीटवर एकही केस नव्हता. मागच्या सीटवर आता आहेत ते आजचे, याचे. गुरुवारी या गाडीत कुत्रा बसलाच नव्हता.”

सख्ख्या बहिणीची मुलगी. ऑपरेशनच्या दिवशी हात धरून बसलेली. जायफळ हिच्याच हातून हरवला, आणि मावशीला कळू नये म्हणून हिनेच दुसरा आणून उभा केला, असं तर नसेल?

“मुलांच्या पोहण्याच्या शर्यती होत्या,” भाची डोळे पुसत म्हणाली. ती तरण तलावावर मुलांना शिकवायची. “मला वेळेत निघताच येईना. श्वानगृहाला फोन केला, तर त्यांनी गाडीने घरपोच सोडतो म्हणून सांगितलं. मी तुझ्या दाराशी गाडीची वाट बघत उभी राहिले आणि त्याला वर घेऊन आले. तुला कबूल केलं होतं ना, की मी स्वतः जाऊन आणीन. म्हणून बोलले नाही. मावशी, खरंच एवढंच.”

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. नव्या डोळ्याने सगळं लख्ख दिसत होतं.

“वेडाबाई,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. “त्या गाडीत आणखी कोण होतं?”

भाचीने नाक ओढलं. आठवलं तशी ती वळून कुत्र्याकडे बघत राहिली.

“दुसरा एक स्पॅनियल होता. तपकिरी-पांढराच. हिरवा पट्टा.”

४. एकही चूक नाही

श्वानगृहाच्या फाटकावर सोनेरी अक्षरांची पाटी होती: “तीस वर्षं. एकही चूक नाही.”

मालकांना सगळे कर्नल म्हणत. फौजेशी त्यांचा संबंध मिशांपुरताच होता, पण शिस्त बघावी तर कडक. अंगण आरशासारखं, पाण्याची भांडी एका रांगेत. कुत्र्यांचे केस कापणारी आणि त्यांना आंघोळ घालणारी बाई तिथे कात्रीताई म्हणून ओळखली जायची. पाहुण्यांना बघून तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि कुत्र्याला बघून ती जरा घुटमळली, हे मावशींनी टिपलं.

“अशक्य,” कर्नल ऐकून घेऊन म्हणाले. “इथून निघालं की आठ दिवस कुत्री रुसतात, वेगळी वागतात. दर खेपेला एखादं गिऱ्हाईक येतंच, हा आमचा नव्हे म्हणून.”

“हिरव्या पट्टेवाल्याचा पत्ता द्या. मी जाऊन बघते.”

“दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पत्ता मी देत नाही. नियम आहे.” कर्नलनी पाटीच्या दिशेने हात केला. “मावशी, तीस वर्षांत माझ्याकडे कुत्रा बदललेला नाही.”

“चौतीस वर्षं मुद्रितं वाचली मी,” मावशी म्हणाल्या. “यात एकही चूक नाही, असं सांगून कागद आला की तो मी सगळ्यात आधी वाचायला घ्यायचे. हा पट्टा कुणी बांधला?”

“मीच. पट्टा बांधायचं काम मी कुणावर सोपवत नाही.”

“मग हे बघा.” मावशींनी लाल पट्टा सोडून टेबलावर ठेवला. “चार वर्षं हा पट्टा तिसऱ्या भोकात लागतोय. ते ताणून लंबगोल झालंय आणि तिथे चामड्याला घडी पडलीय. तुम्ही गुरुवारी एक भोक सैल बांधलात. कारण तिसऱ्यात बसला नाही. तुमच्या हातांना कळलं होतं, कर्नल.”

कर्नलच्या मिशा जराशा खाली आल्या. “दहा दिवस चांगलं खाल्लंय त्याने.”

“मी एक सांगू का?” कात्रीताई मध्येच म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “लांब कानवाल्यांना आम्ही जेवताना कानटोपी घालतो. लाल पट्टेवाल्याला लाल, हिरव्याला हिरवी. गुरुवारी दोघांना एकदम आंघोळ घातली, कान कोरडे केले आणि दोरीवरच्या धुतलेल्या टोप्या चढवल्या. तेवढ्यात तिसराच एक कुत्रा बाहेर पळत होता, घाई झाली. कान झाकले की ते दोघे म्हणजे जुळे भाऊ हो, मावशी. माझ्याकडून उलटसुलट झालं असेल तर…”

“आणि पट्टे मी टोपीच्या रंगावरून बांधतो,” कर्नल म्हणाले. स्वतःचंच वाक्य ऐकून ते दचकले. पण लगेच सावरले. “झालं असं नाही, झालं असेल असं म्हणतेय ती! झालं असतं तर दुसऱ्या घरातून एव्हाना फोन नसता आला?”

मावशी याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

“नसता आला,” त्या म्हणाल्या. “कधीच नसता आला. का ते हा सांगेल.”

आणि त्यांनी भाचीला फाटकाबाहेर जाऊन घंटा वाजवायला सांगितलं.

५. निरोप

घंटा वाजली. आवारातली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली.

मावशींच्या पायाशी बसलेला स्पॅनियल भुंकला नाही. तो उठला, त्याने मावशींच्या गुडघ्यावर पंजा ठेवला, पुन्हा ठेवला, दारापर्यंत गेला आणि मागे वळून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. येताय ना, असं विचारत असल्यासारखा.

“हे लाड नाहीत,” मावशी म्हणाल्या. “हे काम आहे. कुणीतरी महिनोन् महिने खपून याला हे शिकवलंय. ज्याला बेल ऐकू येते तो माणूस कशाला शिकवील? याचा धनी बहिरा आहे. आणि हातोडीच्या दणदणाटात हा गाढ झोपतो, म्हणजे धन्याचं कामच ठोकाठोकीचं आहे. आता सांगा, असं कोण येतं तुमच्याकडे?”

“अगंबाई!” कात्रीताईने तोंडावर हात ठेवला. “चौकटवाले काका! फोटोंच्या चौकटी करतात ते. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. आणि हा त्यांचा निरोप्या!”

नाव ऐकताच कुत्र्याची शेपटी दारावर आपटायला लागली. जायफळ म्हणून चार दिवस हाका मारल्या, तेव्हा ती एकदाही अशी हलली नव्हती.

मावशी कर्नलकडे वळल्या. “पहिल्यांदा दाराशी कुणी ताटकळलं असेल, तेव्हाच त्या माणसाला कळलं असेल की हा आपला निरोप्या नाही. तो फोन करू शकत नाही, म्हणून तो स्वतः आला असणार. शुक्रवारीच. हातात चिठ्ठी घेऊन. कुठे आहे ती चिठ्ठी?”

मग कर्नलनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. चार दिवस खिशात वागवून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. त्यांना तो फेकवला नव्हता आणि दाखवताही आला नव्हता.

“हा माझा कुत्रा नाही,” चिठ्ठीत लिहिलं होतं. “गुणी आहे, पण मला काही सांगत नाही. काल शेजारीण अर्धा तास दाराशी उभी होती. शिवाय हा खोकतो. कृपया बघा.”

“मला वाटलं, रुसला असेल,” कर्नल पुटपुटले. “आठ दिवसांत येईल ठिकाणावर, असं मी लिहून दिलं त्यांना.”

“वाटलं नाही, तुम्ही वाटून घेतलंत,” मावशी म्हणाल्या. “खोकतो म्हणून लिहिलंय त्यांनी! ती पाण्याची सुरुवात होती, कर्नल. माझ्या जायफळच्या छातीत पाणी भरतंय. पत्ता!”

कर्नलनी पत्ता सांगितला नाही. त्यांनी भिंतीवरची गाडीची किल्ली ओढली आणि ते स्वतःच पुढे धावले.

६. बंद दुकान

चौकटवाल्या काकांच्या दुकानाला कुलूप होतं.

काचेमागे रिकाम्या चौकटी एकात एक ठेवलेल्या, बाकावर हातोडी तशीच आडवी पडलेली. दाराला पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूने घाईघाईत लिहिलं होतं: “कुत्रा आजारी. दवाखान्यात गेलो आहे.”

निरोप्या दार हुंगून कुईकुई करायला लागला. मावशी पायरीवर मटकन खाली बसल्या. चौतीस वर्षांत एकही चूक पुढे जाऊ दिली नाही, आणि जी एक गेली ती ही. जीव गेल्यावर शुद्धिपत्र छापता येत नाही.

“मावशी, ऊठ,” भाची म्हणाली. तिने फोन आधीच कानाला लावला होता. “जवळपास दवाखाना एकच आहे, आपला. हॅलो, डॉक्टर?”

पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज इतका मोठ्याने आला की मावशींना पायरीवर ऐकू गेला. “बरं झालं फोन केलात! मी तुम्हालाच लावत होते. इथे एक गृहस्थ आलेत, कागदावर लिहून बोलतात. त्यांचा कुत्रा सकाळच्या कुत्र्यासारखा हुबेहूब. पट्टा हिरवा आहे, पण…”

मावशींनी फोन हिसकावला. “छातीत आवाज आहे का?”

“आहे, मावशी. झडप गळतेय, चांगलीच गळतेय. ऐकायला वाईट वाटेल, पण…”

“वाईट?” मावशी रस्त्यात उभ्या राहून ओरडल्या. “अहो, गळू दे! छान गळू दे! पाणी उपसायचं इंजेक्शन द्या आणि त्याच्या नेहमीच्या गोळ्या काढून ठेवा. मी आलेच!”

दवाखान्यात पोचल्यावर निरोप्याने आधी कुणाला बघितलं असेल ते सांगायला नको. भुसा लागलेल्या सदऱ्यातला एक उंच माणूस बाकावर डोकं धरून बसला होता. निरोप्या गेला आणि त्याच्या गुडघ्यावर त्याने दोनदा पंजा ठेवला. काकांनी मान वर केली. मग तो एवढा मोठा माणूस फरशीवर बसून कुत्र्याच्या कानांत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. कर्नल भिंतीकडे तोंड करून मिशा पुसत होते.

आतल्या खोलीत प्राणवायूच्या पेटीत जायफळ आडवा पडला होता. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मावशींनी काळा चष्मा काढला आणि काचेला तोंड लावून हाक मारली. त्याने डोळे उघडले आणि अंगात तेवढंच त्राण होतं म्हणून शेपटीचं टोक हलवलं. आणि मग, छातीत पाणी भरलेलं असताना, तो भुंकला. इतका वेळ कुठे होतीस, असं ते विचारणं होतं की शिवी, कोण जाणे.

“हाच तो,” मावशी म्हणाल्या. “बिल्ला वाचायची गरज नाही.”

इंजेक्शनाने तासाभरात पाणी उतरायला लागलं. दुपारी चारला डॉक्टरीणबाईंनी त्याला पेटीतून काढून टेबलावर घेतलं आणि कानातल्या नळ्या काढून मावशींच्या कानात घातल्या. खोलीत भाची, कर्नल आणि मागाहून रिक्षाने आलेली कात्रीताई श्वास रोखून उभी होती. काकांना सगळ्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

“आहे!” मावशी म्हणाल्या. “आवाज आहे!”

आणि एका कुत्र्याचं हृदय गळतंय म्हणून पाच माणसांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

७. दुरुस्ती

त्या रविवारी कर्नल स्वतः शिडीवर चढले आणि त्यांनी फाटकावरची पाटी उतरवली. नवी पाटी त्यांनी आपल्या हाताने रंगवली होती आणि तिची चौकट काकांकडून करून घेतली होती, शिसवी, कोपरे जुळवलेली. तिच्यावर लिहिलं होतं: “तीस वर्षं. एक चूक. दुरुस्त केली.” कात्रीताईने त्याच दिवसापासून कानटोप्यांवर दोऱ्याने नावं भरायला घेतली. चौकटवाले काका आता महिन्यातून एकदा मावशींकडे येतात, कागदांचा गठ्ठा आणि निरोप्या घेऊन, आणि दोघे पानंच्या पानं गप्पा मारतात. बेल वाजली की एक कुत्रा भुंकतो आणि दुसरा गुडघ्यावर पंजा ठेवतो.

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर आठवड्याने मावशींची वाकायची बंदी उठली होती. दुपारी जेवणं झाली, जायफळची गोळी झाली, आणि तो परवानगी न विचारता पलंगावर चढला. वर सुताराने एक ठोका मारला तसा मावशींच्या कुशीत घुसला. त्यांनी त्याच्या बरगड्यांवर कान टेकवला.

लब-फुस्स. लब-फुस्स. लब-फुस्स.

मावशींनी पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकलं. मग चष्मा काढून उशाशी ठेवला. एकही दुरुस्ती नव्हती.